कुत्र्याला विकतची जर्की देताना: पाकिटापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत

चिंगीच्या पाण्याच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी मावतं. सकाळी भरलं की रात्री तळाशी थोडं उरलेलं असायचंच. सहा किलोच्या कुत्रीला तेवढं पुरतं. त्या आठवड्यात मात्र ते संध्याकाळपर्यंत तिसऱ्यांदा भरावं लागायचं. ऊन वाढलंय, पीत असेल, असं म्हणत आम्ही भरत राहिलो. चौथ्या रात्री तिने स्वतःच्या गादीवर शू केली. इतक्या वर्षांत तिने हे कधीच केलं नव्हतं.

डॉक्टरांनी लघवीत तपासणीची पट्टी बुडवली आणि ग्लुकोजचा निळसर हिरवा चौकोन बघता बघता तपकिरी झाला. मधुमेह, असं माझ्या मनात येतंय तेवढ्यात रक्तातल्या साखरेचा आकडा आला: ९४. अगदी नॉर्मल. डॉक्टरांनी मान वर करून पहिला प्रश्न विचारला, "हिला सुकवलेल्या चिकनच्या पट्ट्या देता का?" देत होतो. दीड महिना, रोज तीन. कुठल्या कंपनीच्या, कुठल्या बॅचच्या, यातलं काही सांगता येईना, कारण पट्ट्या बरणीत ओतून पाकीट केव्हाच कचऱ्यात गेलं होतं.

चिंगी बरी झाली, पण त्याला दोन महिने लागले. तिचा आजार जर्कीमुळेच झाला, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि पाकीट फेकल्यामुळे ते कधी कळणारही नाही. म्हणून हा लेख. जर्की द्यायचीच असेल तर ती कशी निवडायची, किती द्यायची आणि दिल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं, ते क्रमाने सांगते.

आधी हे माहीत असू द्या

जर्की म्हणजे मांसाच्या पातळ पट्ट्या वाळवून केलेला खाऊ. चिकनची असते, बदकाची असते, रताळ्याचीही असते. कधी रताळ्याच्या किंवा सुक्या फळाच्या तुकड्याभोवती चिकन गुंडाळलेलं असतं. कुत्रे त्यावर जीव टाकतात.

२००७ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, अशा खाऊनंतर कुत्रे आजारी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्याच वर्षी त्यांनी लोकांना पहिला इशारा दिला. २०१५ च्या अखेरीपर्यंत तक्रारींची संख्या सुमारे ५,२०० झाली होती. त्यांत ६,२०० हून जास्त कुत्रे आजारी पडल्याची आणि १,१४० हून जास्त दगावल्याची नोंद आहे. बहुतेक तक्रारी चीनमध्ये तयार झालेल्या मालाबद्दल होत्या. साधारण ६० टक्के प्रकरणांत उलट्या-जुलाबांसारख्या पोटाच्या तक्रारी होत्या, सुमारे ३० टक्क्यांत मूत्रपिंडाच्या किंवा लघवीच्या, आणि उरलेल्यांत झटके, थरथर, अंगावर पित्त उठणं असे प्रकार.

एफडीएने या मालात शोधायचं फारसं काही बाकी ठेवलं नाही. साल्मोनेला, जड धातू, कीटकनाशकं, बुरशीचं विष, उंदराचं औषध, मेलामाइन, मूत्रपिंडाला घातक ठरणारी रसायनं, सगळं तपासलं. चीनमधले कारखाने जाऊन पाहिले. तिथे एका कारखान्याने ग्लिसरीनच्या आवकीची कागदपत्रं खोटी बनवल्याचं उघड झालं. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या कृषी खात्याला काही जर्कींमध्ये प्रतिजैविकांचे अंश सापडले, तो माल बाजारातून काढून घेतला गेला आणि तक्रारी एकदम खाली आल्या. तरी त्या अंशांमुळे कुत्रे आजारी पडले असं एफडीएने म्हटलं नाही; दुकानात मालच कमी राहिला म्हणून तक्रारी घटल्या असाव्यात, असं त्यांचं मत होतं. नक्की एक कारण शेवटपर्यंत हाती लागलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एफडीएने मेलेल्या २६ कुत्र्यांचं शवविच्छेदन केलं तेव्हा १३ कुत्र्यांच्या मृत्यूचं कारण वेगळंच निघालं, कर्करोगासारखं. उरलेल्या १३ मध्ये जर्कीचा संबंध नाकारता आला नाही, आणि त्यांतल्या ११ जणांचं दुखणं मूत्रपिंडाचं होतं. तेव्हा प्रत्येक पाकिटात विष आहे असं समजून घाबरायचं कारण नाही. पण जिथे कारणच सापडलेलं नाही, तिथे पाकिटावरचा कुठलाही शिक्का तुम्हाला पूर्ण खात्री देऊ शकत नाही. राखण आपल्यालाच करायची आहे.

पहिली पायरी: खरंच द्यायची का, हे ठरवा

कुत्र्याच्या समतोल आहाराला जर्कीची गरज नसते, हे एफडीएनेही लोकांना वारंवार सांगितलं आहे. तुमच्या कुत्र्याला मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा स्वादुपिंडाची सूज असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक तुकडाही देऊ नका. पिल्लं आणि अगदी छोट्या चणीचे कुत्रे यांच्या बाबतीतही हात आखडता असावा. पट्टी तेवढीच असते, पण चार किलोच्या जिवाला ती तीस किलोच्या कुत्र्यापेक्षा सातपटीने जड पडते.

दुसरी पायरी: पाकीट उलटं करून वाचा

समोरच्या बाजूला "नैसर्गिक", "शंभर टक्के चिकन" वगैरे लिहिलेलं असतं. कामाचं सगळं मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं.

घटकांची यादी जितकी छोटी तितकी बरी. नुसतं "चिकन" असेल तर उत्तम. ग्लिसरीन दिसलं तर ते पट्टी मऊ राहावी म्हणून घातलेलं असतं. ते मुळात विषारी नाही, पण ते कुठून आलं हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कांदा किंवा लसणाची पूड, कुठल्याही नावाने असो, दिसली की पाकीट जागेवर ठेवा. त्याने कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. झायलिटॉल तर बिलकूल नको. माणसांसाठी निरुपद्रवी असलेला हा गोडवा कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतो आणि यकृत निकामी करू शकतो. माणसांसाठी बनवलेली मसालेदार जर्की कुत्र्याला देऊ नका, ती याच कारणासाठी. शिवाय तिच्यात मीठ भरपूर असतं.

मग बघा माल कुठे बनला. इथे गफलत होते. "अमुकसाठी पॅक केलं", "अमुकतर्फे वितरित" याचा अर्थ तिथे बनलं असा होत नाही. आणि अमेरिकेतसुद्धा प्रत्येक घटक कुठल्या देशातून आणला हे पाकिटावर छापायची सक्ती नाही. पट्टी एका देशात वाळवलेली आणि कोंबडी दुसऱ्याच देशातली, असं सहज होऊ शकतं.

बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि कंपनीशी संपर्क साधायची सोय या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर ते पाकीट घेऊ नका. सुट्टी विकली जाणारी जर्की म्हणूनच मला मान्य नाही. उद्या काही झालं तर तिला ना नाव, ना गाव.

तिसरी पायरी: कंपनीला विचारा

हे फार थोडे लोक करतात, आणि खरं तर सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. एक छोटा ईमेल पुरतो. मी हे विचारते: मांस कुठल्या देशातलं? वाळवण्याआधी किंवा वाळवताना जंतू मारण्यासाठी नेमकं काय करता, उष्णता असेल तर किती अंशांपर्यंत, विकिरण करता का? प्रत्येक बॅचची साल्मोनेलासाठी तपासणी होते का, आणि निकाल येईपर्यंत माल गोदामातच थांबवता का? प्रतिजैविकांच्या अंशांसाठी तपासता का? ग्लिसरीन वापरत असाल तर ते कोणाकडून घेता?

ज्यांच्याकडे हे सगळं होतं, ते आकड्यांसकट उत्तर देतात. "आमची उत्पादनं सर्व निकष पूर्ण करतात" एवढंच परत आलं, तर ते उत्तर न मिळाल्यासारखंच धरा.

खरेदीच्या आधी त्या नावाचा माल कधी परत मागवला गेला होता का, हेही शोधा. एकदा परत मागवला म्हणजे कंपनी वाईट, असं मी म्हणणार नाही. स्वतःहून, लवकर आणि बॅच क्रमांकासह माघार घेणारी कंपनी लपवणाऱ्यापेक्षा बरी.

चौथी पायरी: मोजून द्या

आमची मोठी चूक इथे झाली. जर्की दिसायला एवढीशी असते, पण कच्च्या चिकनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं आणि वाळवताना ते जवळजवळ सगळं उडून जातं. पुढे मी एक पट्टी वजनकाट्यावर ठेवली: ११ ग्रॅम. रोजच्या तीन पट्ट्या म्हणजे ३३ ग्रॅम, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कच्चं चिकन. मांसात जे काही नको असलेलं असेल, तेही त्याच हिशोबाने दाट झालेलं असतं.

वरच्या खाऊचा वाटा दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये, हा पशुवैद्यांचा सर्वमान्य नियम आहे. नसबंदी झालेल्या, सर्वसाधारण हालचाल करणाऱ्या सहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे ४३० किलोकॅलरी लागतात. दहा किलोच्याला ६३०, तीस किलोच्याला १,४०० च्या पुढे. म्हणजे चिंगीचा खाऊचा कोटा ४३ किलोकॅलरींचा होता. साध्या चिकन जर्कीत ग्रॅममागे तीन ते साडेतीन किलोकॅलरी असतात. आम्ही तिला रोज शंभराच्या वर देत होतो, आणि वर म्हणत होतो की ही जेवत का नाही.

आता माझा नियम असा: दहा टक्क्यांतला निम्माही वाटा जर्कीचा नको, आणि रोज तर नकोच. पट्टी कात्रीने नखाएवढ्या तुकड्यांत कापते. कुत्र्याला बक्षीस मिळाल्याचा आनंद तुकड्यांच्या संख्येत असतो, आकारात नसतो. लहान तुकड्यांचा आणखी एक फायदा म्हणजे घाईघाईने गिळणाऱ्या कुत्र्याच्या घशात किंवा आतड्यात अख्खी कडक पट्टी अडकायची भीती राहत नाही.

पाचवी पायरी: नवं पाकीट सुरू करताना

एका वेळी एकच नवा खाऊ. पहिल्या दिवशी एक छोटा तुकडा द्या आणि दोन-तीन दिवस थांबा. त्या दिवसांत बाकी आहार बदलू नका, नाहीतर पोट बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळणार नाही.

पाकीट फोडलं की आधी बघा आणि हुंगा. वाळलेल्या मांसाचा वास यायला हवा. खवट तेलासारखा, कुबट किंवा औषधी वास आला, पट्ट्या चिकट लागल्या, पांढरे-हिरवे ठिपके दिसले, तर सरळ फेका. पण एक लक्षात ठेवा: साल्मोनेला ना दिसतो, ना त्याला वास येतो. म्हणून हे पाहणं गरजेचं असलं तरी पुरेसं नाही.

बरणीत ओतायची सवय सोडा. पट्ट्या मूळ पाकिटातच ठेवा, तोंड घट्ट बंद करा, आणि हवं तर अख्खं पाकीट डब्यात ठेवा. उघडल्याची तारीख पेनने पाकिटावरच लिहा. तेवढंही जमणार नसेल, तर निदान बॅच क्रमांक नीट दिसेल असा मागच्या बाजूचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.

घरातल्या माणसांसाठी

जर्कीने फक्त कुत्रेच आजारी पडतात असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात चिकन जर्कीच्या पाळीव खाऊतून ४३ माणसांना साल्मोनेलाची लागण झाली होती. २०१९ मध्ये कुत्र्यांना चघळायला देतात त्या डुकराच्या वाळवलेल्या कानांमुळे ३४ राज्यांत १५४ माणसं आजारी पडली, आणि तो जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. कुत्रा वरून ठणठणीत दिसत असतानाही विष्ठेतून जंतू टाकत असू शकतो. म्हणून जर्की हाताळल्यावर साबणाने किमान वीस सेकंद हात धुवा, ती कापायची कात्री स्वयंपाकाला वापरू नका, आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातून ती देऊ नका. घरात कोणी गरोदर, फार वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं असेल, तर माझ्या मते विकतची जर्की घरात न आणणंच बरं.

सहावी पायरी: पाण्याच्या भांड्याकडे लक्ष

या लेखातलं एवढंच तुमच्या लक्षात राहिलं तरी चालेल.

जर्कीच्या तक्रारींत मूत्रपिंडाचा जो आजार वेगळेपणाने दिसला, त्याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. एरवी हा आजार इतका विरळा की तो बासेंजी जातीच्या कुत्र्यांमधल्या आनुवंशिक दोषामुळेच प्रामुख्याने ओळखला जातो. मूत्रपिंडातल्या बारीक नलिका एरवी ग्लुकोज, अमिनो आम्लं, बायकार्बोनेट, पोटॅशियम असं उपयोगाचं सगळं गाळणीतून परत रक्तात ओढून घेतात. त्या दुखावल्या की हे सगळं लघवीतून वाहून जातं, आणि त्याबरोबर पाणीही. कुत्रा खूप पितो, खूप मुततो, मलूल होतो, खाणं टाकतो, वजन घटतं. हे काही तासांतही सुरू होऊ शकतं किंवा दिवस जाऊ शकतात.

पाणी मोजायची पद्धत सोपी आहे. सकाळी मोजून भरा, दिवसभरात भर घालाल तीही मोजा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करा. कोरड्या खाण्यावरचा निरोगी कुत्रा दर किलो वजनामागे साधारण ४० ते ६० मिली पितो. दर किलोला १०० मिलीच्या वर गेलं, तर ते नक्कीच जास्त आहे. पाच किलोच्या कुत्र्यासाठी अर्धा लिटर. चिंगी त्या आठवड्यात दोनशेच्याही वर गेली होती, आणि मी मात्र उन्हावर ढकलत होते.

कुत्रा जास्त पितोय म्हणून पाणी तोडू नका. शरीरातून पाणी जात असतं म्हणून तो पीत असतो.

सातवी पायरी: शंका आली तर

जर्की लगेच बंद. उरलेले तुकडे मूळ पाकिटासकट झिपच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा.

उलटी किंवा जुलाब चोवीस तास थांबले नाहीत, रक्त दिसलं, कुत्रा उठेनासा झाला, लघवी बंद झाली किंवा झटके आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नुसतं पाणी वाढलं असेल तरी एक-दोन दिवसांपलीकडे थांबू नका, आणि जाताना लघवीचा नमुना न्या. सकाळची पहिली लघवी करताना स्वच्छ, उथळ ताटली मागून हळूच सरकवायची. कुत्रीला बसताना ताटली दिसली की ती उठून चालायला लागते, म्हणून दोन-तीन सकाळी फुकट जातील. नमुना स्वच्छ बाटलीत भरून तासा-दोन तासांत पोचवा, नाहीतर तोवर फ्रिजमध्ये ठेवा.

डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा की कुत्रा जर्की खात होता. याचं कारण गंभीर आहे. लघवीत साखर दिसली की पहिला संशय मधुमेहाचा येतो. पण मधुमेहात रक्तातली साखर वाढून, साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावर ती लघवीत उतरते. फॅन्कोनीत रक्तातली साखर नॉर्मल असते आणि लघवीत मात्र साखर असते. अशा कुत्र्याला इन्शुलिन दिलं, तर त्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरेल. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच वेळी व्हायला हव्यात. पुढे क्रिॲटिनिन (मूत्रपिंड कसं काम करतंय ते यावरून कळतं), पोटॅशियम, रक्तातली आम्लता आणि लघवीतली अमिनो आम्लं बघतात. लेप्टोस्पायरोसिस, तांबं साठून होणारा यकृताचा आजार आणि काही औषधं यांनीही असंच चित्र दिसतं, म्हणून डॉक्टर तेही तपासतील. सगळं खापर जर्कीवर फोडून खरा आजार निसटता कामा नये.

उपचारात सलाइन, गरजेप्रमाणे बायकार्बोनेट आणि पोटॅशियम देतात. मात्रा रक्ताच्या अहवालावर ठरते, ती मनाने द्यायची नाही. वेळेत खाऊ बंद झालेले बरेच कुत्रे सावरतात, पण आठवडे, कधी महिनेही लागतात. कुत्रा खेळायला लागला तरी लघवीतली साखर जायला वेळ लागू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तितक्या वेळा पुन्हा तपासा.

घरी वाळवायची असेल तर

फक्त वाळवण्याच्या यंत्रावर भिस्त ठेवू नका. कच्चं मांस मंद उष्णतेत वाळताना जंतू कोरडे पडतात आणि उलट उष्णतेला चिवट होतात. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे की चिकन आधी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस होईल असं शिजवावं, बाकी मांस ७१ पर्यंत, आणि मग वाळवावं. चिकन अर्धवट गोठवलं की पातळ काप छान पडतात. वाफवा, थर्मामीटर टोचून बघा, मग ६० अंशांच्या आसपास कडक होईपर्यंत वाळवा. मीठ, मसाला काही नको. फ्रिजमध्ये आठवडाभर, बाकीचं फ्रीझरमध्ये.

एवढा खटाटोप नको असेल तर उकडलेल्या चिकनचा एक तुकडा, गाजराचा काप किंवा रोजच्या कोरड्या खाण्यातलेच चार दाणे बक्षीस म्हणून द्या. चिंगी आता त्या दाण्यांसाठीही तशीच शेपटी हलवते.

तक्रार जरूर करा

कंपनीला कळवा आणि तुमच्या देशात पाळीव प्राण्यांच्या खाद्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही कळवा. अमेरिकेत एफडीए अशा तक्रारी ऑनलाइन घेतं, आणि तिथले डॉक्टरही कळवू शकतात. तक्रारीत बॅच क्रमांक, रोज किती आणि किती दिवस दिलं, कुत्र्याचं वजन, बाकी काय खात होता, पहिलं लक्षण कधी दिसलं, आणि रक्त-लघवीचे अहवाल द्या. उरलेला माल तपासणीसाठी मागितला जाऊ शकतो, म्हणून सगळं एकदम पाठवू नका. थोडा आणि पाकीट स्वतःकडे राहू द्या. दुर्दैवाने कुत्रा गेला, तर अंत्यसंस्काराआधी शवविच्छेदनाबद्दल डॉक्टरांशी बोला. त्या क्षणी हे सुचत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते आहे.